गळ्यात मारण्याची कला

मराठी माणसाच्या गळ्यात काय वाटेल ते घालता येतं. सत्काराचा हार, पक्षाचं उपरणं, सोसायटीचं सेक्रेटरीपद, मेव्हण्याच्या मित्राची विमा पॉलिसी. मफलर तर तो कोणी न सांगता दिवाळीला घालतो आणि होळी पेटेपर्यंत काढत नाही. पण हाताने रंगवलेला, 90 सेंटिमीटर चौरस, अस्सल रेशमाचा स्कार्फ त्याच्यासमोर किंवा त्याच्या बायकोसमोर धरून बघा. दोघंही तो हातात घेतील, उलटा करतील, उजेडात धरतील, ‘वा’ म्हणतील आणि मग अगदी निर्मळ मनाने विचारतील, ‘छानच आहे हो. पण ह्याचं करायचं काय?’

मी असे स्कार्फ रंगवते आणि विकते. निदान विकायला मांडते. ठाणे, दादर, पुणे, जिथे जिथे ‘प्रदर्शन व विक्री’ असा बोर्ड लागतो तिथे तिथे हा प्रश्न माझ्या आधी पोचलेला असतो. त्यामुळे माझं आता ठाम मत झालंय की रेशमावर रंग चढवणं ही ह्यातली सोपी बाजू. अवघड आहे ते स्कार्फला मराठी घरात जागा मिळवून देणं. ओढणीला ड्रेस असतो, शालीला श्रीफळ असतं, रुमालाला खिसा असतो, साडीला तर अख्खं कपाट असतं. स्कार्फ कुणाचाच कुणी नाही.

मग लोक दयाळूपणे त्याला काम शोधून देतात. एक काकू म्हणाल्या, पेटीवर झाकायला छान होईल. दुसऱ्यांनी तो चौरंगावर अंथरून पाहिला आणि ‘जरा लहान पडतो’ म्हणून परत केला. तिसऱ्यांनी फ्रेम करून सोफ्याच्या वर लावायचा सल्ला दिला. म्हणजे गळ्यात सोडून कुठेही. सगळ्यात मनापासून दाद दिली ती डोंबिवलीच्या एका आजींनी. स्कार्फचा पोत दोन बोटांत चाचपत त्या म्हणाल्या, ‘महाबळेश्वरला कान बांधायला बरा आहे.’ मला आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं की इंग्लंडची दुसरी एलिझाबेथ राणी बालमोरलच्या वाऱ्यात रेशमी स्कार्फ डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारत असे, आणि जन्मभर जगाने त्या गाठीचे फोटो छापले. तीही कानच बांधत होती. फक्त तिला कुणी ‘सर्दी झालीय का?’ असं विचारलं नाही.

एकरंगी स्कार्फ तर आपल्याकडे रंगवूच नये. गळ्यातलं एकरंगी कापड महाराष्ट्रात कुठल्या तरी पक्षाचं नाहीतर संघटनेचं असतं. भगवा घातला तर लोक एका बाजूला बघतात, निळा घातला तर दुसऱ्या, हिरवा घातला तर तिसऱ्या. एका गिऱ्हाईक बाईंना केशरी छटा फार आवडली होती, पण निवडणूक तोंडावर आली होती. ‘निकाल लागला की घेऊन जाते,’ म्हणाल्या. निकाल लागला; बाई आल्या नाहीत. केशरी स्कार्फ अजून माझ्याकडे आहे, युतीच्या शोधात.

आता थोडं कामाचं. ह्यासाठी जे रेशीम वापरतात त्याला हाबुताई म्हणतात. पातळ, पांढरं, सरळ विणीचं. त्याचं वजन मॉमी नावाच्या जपानी मापात सांगायची रीत आहे. आठ मॉमीचा 90 सेंटिमीटरचा चौकोन भरतो साधारण 28 ग्रॅम. सराफाच्या हिशेबाने पावणेतीन तोळ्यांच्या वर. हे मी स्टॉलवर मुद्दाम तोळ्यांतच सांगते. तोळा म्हटलं की समोरची बाई एकदम गंभीर होऊन नीट उभी राहते.

हे कापड लाकडी फ्रेमवर तीन टोकांच्या टाचण्यांनी ताणायचं, टिचकी मारली की घुमेल इतकं. मग त्यावर गुट्ट्याने रेषा काढायच्या. गुट्टा म्हणजे मलायाकडच्या झाडांचा चीक. ह्या चिकाने 1848 पासून गोल्फचे चेंडू झाले, 1851 साली इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रातून गेलेली तारायंत्राची केबल ह्याच चिकात गुंडाळलेली होती, आणि आजही रूट कॅनॉल करून झाल्यावर दाताच्या पोकळीत डेंटिस्ट हाच भरतात. हल्ली पाण्यात विरघळणारा, प्रयोगशाळेतला गुट्टा मिळतो, पण नाव तेच. ही माहिती मी एकदा एका गिऱ्हाइकाला उत्साहाने सांगितली. त्यांनी स्कार्फ खाली ठेवला आणि गालावर हात ठेवला.

गुट्ट्याची रेषा हा बांध. रंग पाण्यासारखा पातळ असतो. ब्रश कडेला लावायचा नसतो, मधोमध नुसता टेकवायचा. रंग धाग्याधाग्यातून आपला आपण चालत जातो आणि रेषेला भिडून थांबतो. हे बघायला मिळतं म्हणून माणूस ह्या नादाला लागतो, बाकी काही कारण नाही. मात्र रेषेत सुईच्या टोकाएवढी फट असली तर रंग थांबत नाही. मोराच्या मानेतला निळा शेजारच्या आंब्यात शिरतो, आंब्यातला पिवळा उलट पावली मोरात येतो आणि दोघांच्या सीमेवर एक हिरवा वादग्रस्त प्रदेश तयार होतो. फ्रेंच लोक ह्या बांध घालण्याच्या पद्धतीला सेर्ती म्हणतात. आमच्या क्लासच्या बाई म्हणायच्या, ‘मागून बघा, मागून! गुट्टा आरपार उतरलाय का?’ आणि सगळ्या बायका फ्रेमखाली वाकून वर बघायच्या. त्या वेळी कोणी आत आलं तर टेबलाखाली हरवलेली कर्णफुलं शोधण्याचा सामुदायिक कार्यक्रम चाललाय असं वाटावं.

खरी परीक्षा पार्श्वभूमीची. नक्षी तुकड्यातुकड्याने भरता येते, पण मागचा सलग रंग एका दमात द्यावा लागतो. ओली कड वाळली की तिथे गडद रेघ उमटते आणि ती जन्मभर राहते. हे घरातल्या सगळ्यांना मी समजावून सांगितलेलं आहे. तरी डावा कोपरा झाला आणि उजव्याकडे निघालं की बेल वाजते. गॅसचा सिलिंडर, कुरिअर, गणपतीची वर्गणी, आणि कोणीच नसेल तर समोरच्या वहिनी: ‘तुम्ही कामात नाही ना? दोन लिंबं होती का?’ आतल्या खोलीत बसलेला नवरा अशा वेळी दार उघडतो आणि आत येऊन मलाच विचारतो, ‘लिंबं कुठे असतात?’ आमच्या फ्रीजची आणि त्याची ओळख बावीस वर्षांची आहे.

हवामानाचंही एक मत असतं. ठाण्याच्या जुलैत रंग वाळायचं नाव घेत नाही, पसरतच राहतो. माझी एक मैत्रीण नागपूरला हेच काम करते. तिथे मे महिन्यात ब्रश कापडाला टेकायच्या आत वाळतो. आम्ही फोनवर एकमेकींच्या हवेचा हेवा करतो आणि दोघींच्या स्कार्फवर नको तिथे रेघा असतात.

मिठाचा प्रकार मात्र बघण्यासारखा. ओल्या रंगावर जाड्या मिठाचे खडे टाकायचे आणि हात मागे घ्यायचा. खडा आजूबाजूचं पाणी ओढून घेतो, पाण्याबरोबर रंग ओढला जातो आणि खड्याभोवती फिकट चांदणी उमटते. वाळल्यावर मीठ झटकलं की आकाशगंगा. आपलं ह्यात कर्तृत्व एवढंच की आपण मधे बोललो नाही. गिऱ्हाइकाला हा प्रकार सांगितला नाही तर विचारतात, ‘हे डिझाइन आहे की डाग?’ आणि सांगितला तर विचारतात, ‘मग तुम्ही काय केलंत?’

रंग पक्का करायला वाफ लागते. स्कार्फ साध्या कागदावर पसरून अळूवडीसारखी गुंडाळी करायची, दोऱ्याने बांधायची आणि दीड-दोन तास वाफेवर ठेवायची. ह्यात एकच धोका. झाकणाच्या आतून पाण्याचा एक थेंब गुंडाळीवर पडला तरी सगळ्या मेहनतीवर पाणी. परदेशी पुस्तकांत ह्यावर चार-चार पानं आहेत: ॲल्युमिनियमच्या फॉइलची टोपी करा, वर नमद्याचा थर द्या, भांडं अमुक उंचीचं घ्या. मी ते सगळं वाचत ओट्याशी उभी होते. सासूबाई मागून आल्या, पुस्तकाकडे न बघता म्हणाल्या, ‘झाकणाला फडकं बांध की.’ जन्मभर उकडीचे मोदक केलेल्या बाईला थेंब शिकवायला लागत नाही. तेव्हापासून वाफ देण्याचं खातं त्यांच्याकडे आहे. अट फक्त एक होती, की रंगाचं भांडं पुन्हा स्वयंपाकात यायचं नाही. ती अट माझी होती. त्यांनी ती तत्काळ मान्य केली आणि त्याच संध्याकाळी जुनं मोदकपात्र मला देऊन स्वतःला नवीन घेतलं. त्यांची ती तयारी बघून मला वाटलं, माझ्या कलेची ह्या घरात कोणीतरी फार दिवसांपासून वाट बघत होतं.

रेशीम हे मुळात प्रथिन. लोकर, केस आणि आपली कातडीसुद्धा त्याच घराण्यातली. म्हणून जो रंग रेशमाला पक्का बसतो तो बोटांनाही मनापासून बसतो. हातमोजे घालून रंगवावं असं शास्त्र सांगतं. हातमोजे घालून गुट्ट्याची नळी धरता येत नाही असा अनुभव सांगतो. परिणामी माझी बोटं बहुतेक वेळा निळी असतात. गेल्या निवडणुकीत मतदान केंद्रावर शाई लावणाऱ्या बाईंसमोर मी डावा हात धरला. त्यांनी माझ्या पाचही निळ्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या अधिकाऱ्यांना हाक मारली. अधिकाऱ्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला. ‘सिल्क पेंटिंग,’ मी म्हटलं. त्यांनी समजुतीने मान डोलावली आणि म्हणाले, ‘इतक्या वेळा मतदान करायचं असतं तर कोणी बोटं दाखवायला आलं नसतं. लावा ह्यांना शाई.’ मग प्रश्न आला, लावायची कुठे? शेवटी नखावर एक रेघ ओढली, आणि ती तेवढी लवकर उडाली.

आता वारली. रेशमावर तुम्ही काहीही काढा, बघणारा पाचव्या मिनिटाला विचारणार, ‘वारली काढता का?’ जिव्या सोमा मशे ह्यांनी भिंतीवरची ही चित्रं कागदावर आणून जगभर नेली, 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि त्यानंतर आपण ती मग, माउसपॅड, चपला आणि लिफ्टचे दरवाजे अशा सर्व उपलब्ध जागांवर पसरवली. मला वारलीबद्दल आदर आहे आणि म्हणूनच भीती आहे. शिवाय एक तांत्रिक अडचण. रेशमाचे हे रंग पारदर्शक असतात, त्यात पांढरा रंगच नसतो. पांढरं हवं तर तेवढं कापड कोरं राखावं लागतं. म्हणजे गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने जे सहज निघतं, ते इथे उलट्या बाजूने करायचं: आधी बिनरंगाच्या गुट्ट्याने तारपा नाचातला एकेक माणूस काढायचा, मग सगळ्यांच्या अंगावरून गेरूचा लोट सोडायचा आणि शेवटी गुट्टा धुऊन टाकला की माणसं पांढरी उरतात. हे मी एका कंपनीच्या खरेदी खात्यातल्या तरुणाला समजावून सांगितलं. त्याने सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, ‘मॅम, मधे तारपावाल्याच्या जागी आमचा लोगो बसेल?’

प्रदर्शनात माझा स्टॉल नेहमी भाजणी आणि कुरडयांच्या शेजारी येतो. का, ते आयोजकांना ठाऊक. समोर बटाटेवडा मिळतो. बायका वडा संपवतात, बोटं पदराला पुसल्यासारखी करतात आणि म्हणतात, ‘हात लावून बघते हं, रागावू नका.’ मग साडीच्या दुकानात लागलेल्या सवयीने पुढचा प्रश्न: ‘ह्यात दुसरा रंग दाखवा.’ हाताने केलेला आहे, एकच आहे, असं सांगितलं की म्हणतात, ‘एकच का राहिला? बाकीचे गेले का?’ दोन स्कार्फ जवळजवळ सारखे असले तर संशय, की हे छापील असणार. वेगळे असले तर तक्रार, की हाताला सफाई नाही. एक काका दर वर्षी येतात आणि एक धागा मागतात. खरं रेशीम जाळलं की केस जळल्याचा वास येतो, हे त्यांना पक्कं माहीत आहे आणि ते बरोबरही आहे. खिशात काडेपेटी असते. मी धागा देते, ते हॉलच्या दाराशी जाऊन जाळतात, वास घेतात, परत येऊन ‘खरं आहे’ म्हणतात आणि भाजणी घेऊन जातात.

दुसरी परीक्षा अंगठीची. रेशीम अंगठीतून आरपार जायला हवं. जातं, आठ मॉमीचं अगदी सळसळत जातं. पण त्यासाठी आधी अंगठी बोटातून निघावी लागते. एका मावशींची निघेना. लग्नातली होती. साबण झाला, शेजारच्या स्टॉलवरचं तेल झालं, दोन अनुभवी बायकांनी दोरा गुंडाळून पाहिला. ह्या गडबडीत माझ्या स्टॉलवर त्या दिवसातली सर्वांत मोठी गर्दी जमली आणि घाण्याचं तेल विकणाऱ्याचा धंदा झाला.

कडेच्या शिवणीबद्दल बोलायलाच नको. चांगल्या स्कार्फची कड अंगठ्याने आणि तर्जनीने वळवत, बारीक टाक्यांनी हाताने शिवतात. 1937 पासून ज्यांचे चौकोनी स्कार्फ जगभर मिरवले जातात त्या पॅरिसच्या एर्मेसचंही चित्र छापलेलं असतं, पण कड हातानेच वळवलेली असते. आमच्या कोपऱ्यावरच्या फॉल-पिकोवाल्या ताईंना हे पटत नाही. ‘मॅडम, चारी बाजूंनी पिको मारून देते, दहा मिनिटांत. डोळे कशाला फोडता?’ त्यांचं माझ्या डोळ्यांवर प्रेम आहे, हे मी जाणते.

आणि मग किमतीचा विषय निघतो. गिऱ्हाईक लेबल बघतं, पुन्हा बघतं, आवाज खाली आणतं आणि आपलेपणाने म्हणतं, ‘पण तुम्ही घरीच करता ना?’ हे वाक्य मी पुरुष कारागिराला उद्देशून कधी ऐकलेलं नाही. सोनारही घरीच करत असला तरी त्याची घडणावळ कोणी काढत नाही. बाईने घरी केलं की ते आपोआप फुकट होतं, कारण तेवढ्या वेळात ती दुसरं काहीतरी फुकटच करत असणार. मला ह्या वाक्याचा राग येतो आणि तो मी लेबलवर चढवते. दर वर्षी दहा टक्के.

आमच्या जमातीची एक कलाकृती जगप्रसिद्ध आहे, पण तिची जाहिरात करता येत नाही. 14 सप्टेंबर 1927 ला रात्री फ्रान्समधल्या नीस शहरात इझाडोरा डंकन ही नामवंत नर्तकी उघड्या मोटारीत बसली. गळ्यात लांबच लांब रेशमी स्कार्फ, रोमन शातोव ह्या रशियन चित्रकाराने हाताने रंगवलेला, मेरी डेस्टी ह्या मैत्रिणीने दिलेला. मेरी म्हणाली, गार आहे, अंगावर काहीतरी जाड घे. इझाडोराने ऐकलं नाही. मोटार निघाली, स्कार्फचं टोक चाकात अडकलं आणि त्या हिसक्याने तिची मान मोडली. हे वाचल्यापासून मला वाटतं, नीसच्या त्या रस्त्यावर एक ठाणेकर हवा होता. आपल्याकडे दुचाकीवरच्या बाईची ओढणी चाकाच्या दिशेने दोन बोटं सरकली की चार अनोळखी माणसं जिवाच्या आकांताने ओरडतात: ‘ओ ताई, ओढणी!’ रिक्षावाला ओरडतो, समोरून येणारा ओरडतो, बसच्या खिडकीतला ओरडतो. हीच मंडळी एरवी सिग्नलला जुमानत नाहीत. पण ओढणी आणि खाली राहिलेला साइड स्टँड ह्या दोन बाबतींत इतका दक्ष समाज दुसरीकडे नसेल. पुण्यातल्या मुलींनी तर हा प्रश्न मुळातच सोडवला आहे. त्या स्कार्फ सगळा तोंडालाच गुंडाळतात, मागे उडायला टोकच ठेवत नाहीत. माझा स्कार्फ एकीने स्टॉलवरच बांधून पाहिला. निसटला. ‘ग्रिप नाही,’ ती म्हणाली.

एवढं सगळं झाल्यावर रेशमाला मराठी घरात जागा कुठे आहे हे मला एका गुरुजींनी दाखवलं. दादरच्या प्रदर्शनात ते भाजणी घ्यायला आले होते. लांब पट्टीच्या स्कार्फपाशी थबकले, खांद्यावर टाकून पाहिला, आरशात बघितलं. ‘शुद्ध रेशीम?’ ‘शुद्ध.’ ‘मग सोवळ्याला चालेल.’ मी चाटच पडले. शेकडो वर्षं आपल्याकडे पूजेला रेशीम लागतंय, कद आणि मुकटे पेटीत घड्या घालून ठेवलेत, आणि मी ते कान बांधायला विकत होते. गुरुजींनी गणपतीसाठी उपरणं म्हणून दोन काढून ठेवले, त्यातला एक मिठाच्या चांदण्यांचा. चांदण्या कशा काढल्या ते मी सांगितलं. ते एकदम थांबले.

‘मीठ? साधं की शेंदेलोण?’

‘साधं. का हो?’

‘चतुर्थी असते, एकादशी असते. उपासाचं काय?’

मी म्हटलं, मीठ झटकून टाकलेलं आहे, नंतर धुतलेलं आहे, शिवाय ते खांद्यावर आहे. गुरुजींना ते तत्त्वतः मान्य होतं, पण यजमान विचारतात, म्हणाले. तेव्हा त्यांच्यासाठी तो एक शेंदेलोणावर नव्याने करून दिला. खडे मोठे, त्यामुळे चांदण्या चांगल्या टपोऱ्या आल्या. घ्यायला आले तेव्हा त्यांनी दोन्ही खांद्यांवर घालून पाहिले, प्रसन्न झाले, घडी घालून पिशवीत ठेवले आणि हात जोडून विचारलं, ‘मग, यथाशक्ती चालेल ना?’

मी म्हटलं, ‘चालेल की. शक्तीचा आकडा लेबलवर लिहिलाय.’